दोन नेटवर्क कार्डांच्या मशीनवर कार्डांना पक्की नावं कशी द्यायची

मे महिना होता. हुतात्मा एक्स्प्रेसने मी पुण्याला निघाले होते, दौंड अजून यायचं होतं, तेवढ्यात सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यातून दिवाणजींचा फोन आला.

"अक्का, नेट नाही. एकाही कॉम्प्युटरला नाही. ट्रक दारात उभा आहे आणि बिल निघेना."

आदल्या संध्याकाळी मीच तिथल्या लिनक्स सर्व्हरमध्ये, म्हणजे ज्यातून सगळ्या कॉम्प्युटरना नेट जातं त्यात, नवी एनव्हीएमई (वेगवान) डिस्क बसवली होती. मशीन चालू झालं, लॉगिनची ओळ आली, मी समाधानाने घरी गेले. केबलींना हातही लावला नव्हता. तिजोरीतलं पासवर्डचं पाकीट फोडायला सांगितलं आणि सर्व्हरला स्क्रीन जोडायला लावली.

"आता 'आयपी' लिहा, जागा सोडा, 'लिंक' लिहा, एंटर मारा. पहिला 'एलओ' दिसेल, तो सोडून द्या. त्याच्या खाली काय आहे?"

"ई, एन, ओ, एक."

"बरोबर. पुढे?"

"ई, एन, पी, चार, एस, शून्य."

"तीन असेल. नीट बघा."

"चारच आहे अक्का. चष्मा लावूनच वाचतोय."

तिथेच डोक्यात प्रकाश पडला आणि स्वतःचाच राग आला. कार्ड तेच, केबल तीच, भोकसुद्धा तेच. नाव तेवढं रात्रीतून बदललं होतं, आणि आतल्या नेटवर्कची सगळी सेटिंग्ज जुन्या नावावर लिहिलेली होती. नळाला पाणी होतं, पण ते कुणाच्या हंड्यात सोडायचं हे सांगणारा कागद भलत्याच पत्त्यावर गेला होता.

पुढे जाण्याआधी एक सांगते. खालच्या सगळ्या आज्ञा मी फोनवर सांगते तशाच, उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. टाइप करताना त्या छोट्या इंग्रजी अक्षरांत करायच्या. मोठं अक्षर लागत असेल तिथे तसं सांगितलं आहे. मुख्य प्रशासक म्हणून लॉगिन नसाल तर प्रत्येक आज्ञेच्या आधी 'सुडो' लावा.

नाव का बदलतं, ते आधी बघू. आमच्या घरी पूर्व भागात चार माग होते, त्यामुळे मला हे मागांवरूनच समजतं. कारखान्यात कामगाराला तीन तऱ्हांनी ओळखता येतं. सकाळी दारातून कितवा आत आला, कोणत्या नंबरच्या मागावर उभा आहे, किंवा त्याचा आधार नंबर काय. लिनक्सने नेटवर्क कार्डांच्या बाबतीत हे तिन्ही प्रकार करून पाहिले आहेत.

पहिला प्रकार हजेरीचा. लिनक्सचा कर्नल, म्हणजे त्याचा गाभा, ज्या कार्डाला आधी जागं करतो त्याला ईथ० म्हणतो, दुसऱ्याला ईथ१. वायफायला डब्ल्यूलॅन०. एकच कार्ड असलं तर यात काही बिघडत नाही. दोन असली की रोज कोण आधी येईल याची खात्री नाही, कारण ड्रायव्हर (कार्ड चालवणारे प्रोग्राम) एकाच वेळी सुरू होतात आणि ज्याचं काम आधी उरकतं तो पुढे. आज ईथ० म्हणजे इंटरनेटची बाजू, उद्या तीच ऑफिसची बाजू. नेट बंद पडलं तर निदान कळतं तरी. फायरवॉलचे, म्हणजे कोणाला आत सोडायचं याचे, नियम नावावर लिहिलेले असतात. अदलाबदल झाली की आतल्यांसाठी उघडं ठेवलेलं दार बाहेरच्यांना उघडं मिळतं, आणि कुणाचाही फोन येत नाही. खरी भीती ती आहे.

मग आला आधार नंबर, म्हणजे मॅक अ‍ॅड्रेस. डेबियन-उबुंटू या लिनक्सच्या जुन्या आवृत्त्यांत यूडेव्ह नावाचा कारकून प्रत्येक नव्या कार्डाचा मॅक एका फाइलमध्ये नोंदवून ठेवायचा: हा मॅक म्हणजे ईथ०, तो म्हणजे ईथ१. कल्पना चांगली, पण मी एकदा एका डिस्कची नक्कल पाच मशीनवर उतरवली आणि एकाही मशीनवर ईथ० दिसेना. नोंदवहीत ईथ० हे नाव मूळ मशीनच्या कार्डाला दिलेलं, म्हणून नवं कार्ड आपोआप ईथ१ झालं. शिवाय कर्नल आणि यूडेव्ह दोघेही ईथ याच खात्यातली नावं वाटायचे, त्यामुळे अधूनमधून एकाच नावावर दोघांची ओढाताण व्हायची.

तिसरा प्रकार मागाच्या नंबराचा. जानेवारी २०१३ मध्ये लिनक्समधल्या सेवा सुरू करणाऱ्या सिस्टमडीच्या १९७ व्या आवृत्तीने तो आणला. २०१४ च्या रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ७ मध्ये तो होता, डेबियनने २०१७ साली ९ व्या आवृत्तीत घेतला. आज तुम्हाला जी चमत्कारिक नावं दिसतात ती याच पद्धतीची. कर्नल अजूनही आधी ईथ० असंच म्हणतो, नंतर यूडेव्ह ते बदलतो. 'डीमेसेज' ही आज्ञा चालवून ओळी वाचल्यात तर 'रिनेम्ड फ्रॉम ईथ०' असं स्पष्ट लिहिलेलं सापडेल. (या आज्ञेचं स्पेलिंग डी, एम, ई, एस, जी एवढंच.)

नाव वाचायला दोन मिनिटांत येतं. 'ईएन' म्हणजे तारेचं इथरनेट, 'डब्ल्यूएल' म्हणजे वायफाय, 'डब्ल्यूडब्ल्यू' म्हणजे मोबाइल डेटाचं कार्ड. त्यापुढे 'ओ' आणि आकडा असेल तर कार्ड मदरबोर्डवरचंच आहे आणि तो नंबर बायोसने (मशीन चालू होताना सगळ्यात आधी चालणाऱ्या प्रोग्रामने) दिला आहे. 'एस' आणि आकडा असेल तर बायोसने स्लॉटला दिलेला नंबर. व्हीएमवेअरच्या आभासी मशीनवर दिसणारा ईएनएस३३ त्यातलाच. यातलं काहीच मिळालं नाही तर 'पी' आणि 'एस' अशी जोडी येते: पीसीआय बस (मदरबोर्डवरची कार्डं जोडायची वाट) कितवी, आणि त्या बसवरचा स्लॉट कितवा. ईएनपी३एस० म्हणजे तिसऱ्या बसवरचा शून्य स्लॉट. इथे एक खोच आहे. 'एलएसपीसीआय' ही आज्ञा बसचा नंबर सोळाच्या मोजणीत (नऊनंतर ए ते एफ) दाखवते आणि कार्डाच्या नावात तो नेहमीच्या दहाच्या मोजणीत येतो. तिथे ०ए दिसलं तर नावात १० असतं. मी यावर अर्धी दुपार घालवली आहे, तुम्ही घालवू नका. यूएसबीच्या अडॅप्टरला डेबियन आणि उबुंटूत 'ईएनएक्स' आणि पुढे सबंध मॅक असं लांबलचक नाव मिळतं. फोनवर सांगायला सगळ्यात वाईट.

या पद्धतीला म्हणतात 'प्रेडिक्टेबल' नावं, म्हणजे आधी सांगता येतील अशी. माझ्या मते शब्दच फसवा निवडला आहे. मागाचा नंबर मागावर कोरलेला असता तर ठीक होतं. पीसीआय बसचे नंबर बायोस दर वेळी दारापासून मोजत जातो. दाराशी एक नवा माग बसवलात की पुढचे सगळे एकेकाने सरकतात. मी बसवलेली एनव्हीएमई डिस्कसुद्धा पीसीआयवरच जोडली जाते, तोच तो दाराजवळचा माग. आधी ती जागा रिकामी म्हणून मोजलीच जात नव्हती. डिस्क आली, तिने एक नंबर घेतला, आणि तीन नंबरच्या बसवरचं कार्ड चार नंबरवर गेलं. ग्राफिक्स कार्ड घाला किंवा काढा, बायोसमध्ये एखादा पोर्ट बंद-चालू करा, हाच प्रकार होऊ शकतो. मदरबोर्डवरचा ईएनओ१ मात्र जागचा हलला नव्हता, कारण त्याचा नंबर मोजून येत नाही.

म्हणून माझा आता एकच नियम आहे. ज्या मशीनला एकाहून जास्त कार्डं आहेत, तिथे यंत्राने दिलेल्या नावावर एकही सेटिंग लिहायचं नाही. कार्ड काय काम करतं त्यावरून नाव आपण द्यायचं.

आधी कोणतं कार्ड कोणतं ते ओळखा. मशीनच्या मागे दोन भोकं, स्क्रीनवर दोन नावं, आणि अंदाज नेहमी उलटा निघतो. 'ईथटूल' हे साधन बसवलेलं असलं तर 'ईथटूल', जागा, वजा चिन्ह आणि छोटा 'पी', जागा, कार्डाचं नाव, जागा, १० असं लिहा. त्या भोकाजवळचा दिवा दहा सेकंद लुकलुकतो. एखादं स्वस्त कार्ड ही आज्ञा मानत नाही. मग केबल उपसा आणि 'आयपी लिंक'मध्ये कोणापुढे 'नो कॅरियर' येतं ते बघा. लगेच तिथल्या तिथे चिकटपट्टी लावा. नंतर लावू म्हटलं की ती लागत नाही.

मग कार्डाचा कायमचा मॅक घ्या. तीच आज्ञा, फक्त 'पी' मोठा आणि शेवटचा १० नाही. छोट्या 'पी'ने दिवा, मोठ्या 'पी'ने मॅक. 'आयपी लिंक'मध्येही मॅक दिसतो, पण तो बदलता येणारा असतो. ब्रिज आणि व्हीलॅन ही सॉफ्टवेअरने बनवलेली कार्डंसुद्धा खालच्या कार्डाचा मॅक उसना घेऊन मिरवतात. कायमचा मॅक कार्डाच्या पोटात लिहिलेला असतो, आपल्याला तोच हवा.

आता नाव ठरवा. मर्यादा १५ बाइटची आहे, म्हणजे १५ इंग्रजी अक्षरं. तिरपी रेघ, अपूर्णविराम आणि रिकामी जागा चालत नाही. ईथ० किंवा ईथ१ हे नाव चुकूनही निवडू नका, ते कर्नलचं खातं आहे आणि जुनी ओढाताण परत सुरू होईल. मी इंग्रजी लिपीत मराठी शब्द लिहिते: इंटरनेटच्या बाजूला 'बाहेर०', ऑफिसच्या बाजूला 'आत०'. दिवाणजींना फोनवर पुन्हा समजावावं लागत नाही. देवनागरीतच का नाही, असं एका पोराने विचारलं होतं. गंमत म्हणजे युनिकोडमध्ये देवनागरीचं प्रत्येक अक्षर नि प्रत्येक मात्रा तीन बाइट खाते, म्हणजे 'बाहेर' बरोबर १५ मध्ये बसतं, पण शून्याला जागा उरत नाही. तसंही बाकीची साधनं इंग्रजी अक्षरंच धरून चालतात, तेव्हा तो हट्ट सोडा.

फाइल लिहायची जागा: 'ईटीसी' फोल्डरात 'सिस्टमडी', त्यात 'नेटवर्क'. फाइलचं नाव '१०-बाहेर' आणि शेवटी टिंब-'लिंक'. आकडे अर्थातच इंग्रजी. सुरुवातीचा १० महत्त्वाचा आहे. या फाइली नंबरवारीने तपासल्या जातात आणि जी पहिली जुळते तीच लागू होते. मूळ पद्धतीची फाइल ९९ नंबरची आहे, म्हणजे आपली तिच्या आधी यायला हवी. आत चारच ओळी. पहिली ओळ चौकटी कंसात 'मॅच', त्यातलं पहिलं अक्षर मोठं. दुसरी 'परमनंट-मॅक-अ‍ॅड्रेस', सगळं जोडून, प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर मोठं आणि 'मॅक'ची तिन्ही मोठी, मग बरोबरचं चिन्ह आणि मॅक. तिसरी ओळ चौकटी कंसात 'लिंक', इथेही पहिलं अक्षर मोठं. चौथी 'नेम', याचंही पहिलं अक्षर मोठं, मग बरोबर, 'बाहेर०'. 'नेमपॉलिसी' नावाची ओळ इंटरनेटवरच्या नमुन्यांत दिसते, ती उतरवू नका. ती असली की आधी तिचं ऐकलं जातं आणि तुमचं नाव मागे पडतं. दुसऱ्या कार्डासाठी अशीच दुसरी फाइल.

उबुंटू सर्व्हरवर नेटप्लॅन (नेटवर्क सेटिंग्जचं साधन) वापरत असाल तर हेच काम त्याच्या फाइलीत होतं: कार्डाखाली 'मॅच', त्यात 'मॅकअ‍ॅड्रेस', आणि शेजारी 'सेट-नेम'. बदल तपासायला 'नेटप्लॅन ट्राय' चालवा. १२० सेकंदांत तुम्ही होकार दिला नाही तर तो जुनी सेटिंग्ज परत आणतो. ती दोन मिनिटं मला फार आवडतात.

रीस्टार्ट करायची घाई करू नका, लोक इथेच पडतात. जुनं नाव अजून दहा ठिकाणी लिहिलेलं असतं. 'ग्रेप', वजा 'आर', जुनं नाव, आणि 'ईटीसी' फोल्डर अशी आज्ञा देऊन सगळीकडे शोधा. त्या कारखान्यात मला ते चार जागी सापडलं: इंटरफेसच्या फाइलीत, फायरवॉलमध्ये, आयपी पत्ते वाटणाऱ्या डीएनएसमास्कमध्ये, आणि कधीतरी मीच लिहून विसरलेल्या एका बॅकअप स्क्रिप्टमध्ये. सगळीकडे नवं नाव घाला. मग डेबियन-उबुंटूत 'अपडेट-इनिटरामएफएस', वजा 'यू' ही आज्ञा चालवा. बूट होताना सगळ्यात आधी जी छोटी फाइल उघडते तिच्यातही ही नावं असतात, ती ताजी केली नाही तर तुमची फाइल बरोबर असूनही जुनंच नाव येतं आणि तुम्ही स्पेलिंग तपासत बसता.

त्यानंतर रीस्टार्ट, तेही मशीनपाशी उभं राहून. परत आल्यावर 'यूडेव्हएडीएम इन्फो' आणि पुढे 'सिस', 'क्लास', 'नेट' या फोल्डरातलं कार्डाचं नाव दिलंत की एका ओळीत कोणती 'लिंक' फाइल लागू झाली ते दिसतं. नाव चुकलं असेल तर आधी ती ओळ वाचा.

मशीन अडलेलं असताना तात्पुरता उपाय वेगळा. त्या सकाळी मी तोच केला. 'आयपी लिंक सेट', कार्डाचं आत्ताचं नाव, 'डाउन'. मग परत 'आयपी लिंक सेट', आत्ताचं नाव, 'नेम', जुनं नाव. मग 'इफअप' आणि जुनं नाव, आणि शेवटी डीएनएसमास्क रीस्टार्ट. चार ओळींना वीस मिनिटं लागली, कारण ऑफिसच्या भिंतीपलीकडे माग चालू होते आणि त्या खडखडाटात 'एस' आणि 'एफ' एकच ऐकू येतात. "ई एकरुखचा, एन नळदुर्गचा, पी पंढरपूरचा, एस सोलापूरचा," असं मी डब्यात मोठ्याने ओरडत होते. समोरच्या बाईंनी कडक भाकरीचा डबा मिटून माझ्याकडे बघायला सुरुवात केली. हा उपाय रीस्टार्टपर्यंतच टिकतो हे विसरू नका.

कर्नलला 'नेट डॉट इफनेम्स बरोबर शून्य' असं सांगून जुनी ईथ० पद्धत परत आणायचा सल्लाही मिळेल. एकच कार्ड असलेल्या मशीनवर खुशाल करा. दोन कार्डांवर तो सल्ला देणाऱ्याला विचारा, रात्री दोनला फोन उचलशील का बे?

लिनक्स सोडून बाकीच्या ऑपरेटिंग सिस्टिमचं थोडक्यात. फ्रीबीएसडी कार्डाला ड्रायव्हरचं नाव देतो: इंटेलचं ईएम० किंवा आयजीबी०, रिअलटेकचं आरई०. कार्ड बदलून दुसऱ्या कंपनीचं घातलंत की नावच बदलतं, पण निदान कोणतं कार्ड आहे ते कळतं. अ‍ॅपलच्या मॅक कॉम्प्युटरवर ईएन०, ईएन१ अशी नावं असतात आणि ती एका फाइलीत लक्षात ठेवली जातात, त्यात फारसं हात घालायची वेळ येत नाही.

विंडोजची तऱ्हा न्यारी. तिथे 'ईथरनेट', 'ईथरनेट २' ही नावं वरवरची, आत प्रत्येक कार्डाला एक लांबलचक ओळखक्रमांक असतो आणि सेटिंग्ज त्याला चिकटलेली असतात. त्यामुळे कार्ड जळून नवं घातलं की 'ईथरनेट २' उगवतं, आणि जुना पक्का आयपी टाकायला गेलं की विंडोज म्हणतं, हा पत्ता दुसऱ्या कार्डाला दिलेला आहे. दुसरं कार्ड तर भंगारात गेलेलं असतं! ते भूत काढायला डिव्हाइस मॅनेजर उघडा, 'व्ह्यू'मध्ये 'शो हिडन डिव्हायसेस' निवडा, नेटवर्क अडॅप्टर्सखाली फिकट दिसणारं जुनं कार्ड अनइन्स्टॉल करा. मग अडॅप्टरांच्या यादीत नव्या कार्डावर एफ२ दाबून हवं ते नाव द्या. नाव बदलल्याने सहसा काही मोडत नाही, फक्त 'नेटशेल' या आज्ञेच्या बॅच फाइली असतील तर त्या नावावर चालतात, त्या तपासा.

मॅक अ‍ॅड्रेसला नाव बांधण्यात एक तोटा राहतो. कार्ड बदललं की आधार नंबर बदलतो, फाइल जुळत नाही, आणि यंत्र पुन्हा आपलं नाव लावतं. म्हणून कपाटात ठेवलेल्या राखीव कार्डावरही मॅकची चिठ्ठी ठळक अक्षरांत हवी. जूनमध्ये वळवाच्या पावसात वीज कडाडली आणि त्याच कारखान्यातलं 'आत०'चं कार्ड गेलं. मी विजापूर रोडला दुसऱ्या कामात अडकले होते, बाहेरून आत शिरायची वाट मी मुद्दाम बंद ठेवते, तेव्हा परत फोन आणि परत दिवाणजी. त्यांनी राखीव कार्ड बसवलं, फाइल उघडली, जुना मॅक खोडला. मॅकमध्ये आकडे आणि 'ए' ते 'एफ' एवढीच अक्षरं असतात, त्यामुळे नवा मॅक टाकून झाल्यावर पडताळणीसाठी त्यांनीच मला वाचून दाखवायला सुरुवात केली, मागे माग खडखडतच होते.

"बी बार्शीचा, चार. दोन, ई एकरुखचा. डी डफरीन चौकाचा, नऊ. सात, सी चिंचोलीचा. शून्य, ए अक्कलकोटचा. आणि शेवटी आठ, एफ." थोडा वेळ शांतता. "अक्का, एफचं गाव कुठलं?"

"फौजदार चावडी लावा," मी म्हटलं, "आणि सेव्ह करा."